कापूस गाठयंत्रातील तेलगळती

कापूस गाठयंत्रातील तेलगळती म्हणजे रुईच्या गाठी बांधणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसमधून दाबाखालील तेल बाहेर झिरपणे, अथवा यंत्राच्या आतच एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस निसटणे. पहिल्या प्रकारास बाह्य गळती व दुसऱ्यास अंतर्गत गळती म्हणतात. तेलाचा अपव्यय, रुईवर पडणारे डाग, आगीचा धोका आणि कामगारांना होणाऱ्या इजा या चारही कारणांनी जिनिंग-प्रेसिंग उद्योगात गळती रोखण्यास महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. आज जिल्ह्यात सोयाबीनचा पेरा मोठा असला, तरी कारंजा (लाड) ही वऱ्हाडातील कापसाची जुनी बाजारपेठ आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ हा अरुंद लोहमार्ग कारंजावरून गेला, तो मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठीच. जिनमध्ये सरकी वेगळी केल्यावर उरणारी रुई अतिशय फुगीर असते. ती दाबून बांधल्याखेरीज दूरवर नेणे परवडत नाही. भारतात गाठीचे प्रचलित वजन १७० किलोग्रॅम आहे.

रुई दाबण्याचे काम हायड्रॉलिक प्रेस करते. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्कलच्या नियमावर ती चालते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २०० किलोग्रॅम असेल, तर २५ सेंटिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर सुमारे ९८ टन जोर निर्माण होतो. हा जोर पेलताना तेल प्रत्येक फटीतून वाट शोधत असते.

सीलचा शोध

जोसेफ ब्रामा यांनी इंग्लंडमध्ये १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. दट्ट्या आणि सिलिंडर यांमधील फटीतून होणारी गळती ही त्यांची मोठी अडचण होती. पॅकिंग घट्ट आवळावे तर दट्ट्या हलेना, सैल सोडावे तर पाणी गळे. त्यावर चामड्याच्या वाटीसारख्या सीलचा उपाय निघाला व त्याचे श्रेय ब्रामा यांचे सहकारी हेन्री मॉडस्ले यांना दिले जाते. या सीलची कड आतल्या द्रवाच्या दाबानेच भिंतीला चिकटते. दाब वाढला की पकड वाढते, दाब उतरला की ढिली होते. आजच्या रबरी वा पॉलियुरेथेनच्या सीलमध्येही हेच तत्त्व आहे. म्हणूनच असे सील उलट्या बाजूने बसविल्यास, ते नवे कोरे असूनही गळते.

गळतीची कारणे

जिनिंग कारखान्यात गळतीचे एक मोठे कारण धूळ हे आहे. कापसाबरोबर शेतातील माती, वाळलेल्या पानांचा चुरा व तंतू येतात आणि तेलाने ओलसर असलेल्या दांड्यावर चिकटतात. दांडा आत जाताना ही धूळ खरवडून काढण्यासाठी सिलिंडरच्या तोंडाशी वायपर सील असते. ते झिजले की कण आत शिरतात, दांड्याच्या चकचकीत पृष्ठभागावर उभे ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांतून तेल बाहेर येऊ लागते. अशा वेळी केवळ सील बदलणे व्यर्थ होय. ओरखडलेला दांडा नव्या सीललाही कापतो. तेलाच्या टाकीचे झाकण उघडे ठेवणे, हवेच्या छिद्रावरील गाळणी काढून टाकणे, उघड्या डब्यातून तेल ओतणे या सवयींमुळेही कण आत जातात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. झडपा व पंप यांना घातक ठरणारे कण त्याहून कितीतरी बारीक, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे असतात.

दुसरे कारण उष्णता. वाशिममध्ये उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. हंगाम लांबला, तर तेल थंड होण्यास वाव राहत नाही. तापलेले तेल पातळ होऊन सहज निसटते आणि रबरी सील कडक होऊन तडकतात. तेलाचे तापमान ६० अंशांच्या आत ठेवणे हितावह समजले जाते. ८० अंशांपुढे बहुतेक सीलचे आयुष्य झपाट्याने घटते.

तिसरे कारण यंत्र दीर्घकाळ बंद राहणे. गाठी बांधण्याचे काम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते व पावसाळ्यात यंत्र निपचित पडून असते. दांडा बाहेर राहिल्यास दमट हवेने त्यावर गंजाचे ठिपके पडतात आणि पहिल्याच आठवड्यात सील फाटते. दांडा पूर्ण आत घेऊन यंत्र बंद करणे व उघड्या भागाला ग्रीस लावणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

जोड आणि होज पाईप

गळणारा जोड दिसताच पाना लावून तो आणखी आवळण्याची प्रवृत्ती असते. बहुधा त्याने हानीच होते. आटे उतरतात, ओ-रिंग चिरडते किंवा बसकण वाकडी होते. दाब उतरवून जोड उघडणे, बसकण पुसून पाहणे आणि ओ-रिंग बदलून ठरावीक जोरानेच आवळणे ही योग्य रीत होय. आट्यांवर गुंडाळलेल्या टेफ्लॉन फितीचे तुकडे तेलात जाऊन झडपेत अडकतात, म्हणून ती जपून वापरावी लागते. होज पाईप दाबाखाली किंचित आखडतो; त्यामुळे तो ताणून बसवू नये, पिळू नये व लोखंडी कडेला घासू देऊ नये.

अंतर्गत गळती

ही गळती जमिनीवर दिसत नाही. दट्ट्यावरील सील झिजल्यास किंवा झडप नीट न मिटल्यास प्रेस दाब धरून ठेवत नाही, गाठीला वेळ अधिक लागतो आणि तेल विनाकारण तापते. त्या उष्णतेने पुढे बाहेरचे सीलही जातात. गाठीमागे लागणारा वेळ रोज नोंदविणाऱ्या कारखान्यात हा दोष लवकर ध्यानी येतो.

परिणाम व सुरक्षितता

सेकंदाला एक थेंब ही गळती क्षुल्लक वाटते. थेंबाचे आकारमान ०.०५ मिलिलिटर मानल्यास दिवसाला ४ लिटरहून अधिक आणि वर्षभरात दीड हजार लिटरहून अधिक तेल जाते. पैशाहून मोठे नुकसान रुईचे असते. तेलाचा डाग लागलेला तंतू सूतगिरणीत इतर रुईत मिसळतो आणि कापड रंगविताना तेथे रंग नीट बसत नाही. तेलाने भिजलेली रुई पेटल्यास आग आवरणेही कठीण जाते.

सर्वांत गंभीर धोका सुईएवढ्या छिद्रातून उडणाऱ्या तेलाच्या धारेचा आहे. ही धार कातडी भेदून आत शिरते. जखम टोचल्यासारखी दिसते, प्रारंभी फारशी दुखतही नाही. परंतु तेल आत पसरून बोट वा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. अशा रुग्णास विनाविलंब शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे लागते आणि जखम दाबाखालील तेलाची आहे, हे डॉक्टरांना सांगावे लागते. म्हणून गळतीची जागा हाताने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून शोधावी.

सांडलेल्या व वापरलेल्या तेलाचा समावेश भारतात २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांत होतो. ते नाल्यात वा शेतात न सोडता साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे द्यावे लागते.