डग विल्यम्सची पंधरा मिनिटं

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. तिथे चेंडू लंबगोल, डोक्यावर हेल्मेट, आणि खेळ बहुतांशी हातांचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. जवळजवळ प्रत्येक प्रयत्नात चेंडू आधी एकाच माणसाच्या हाती येतो, तो क्वार्टरबॅक. समोरच्या अकरा जणांची मांडणी पाहून दोन-तीन सेकंदांत त्याला ठरवावं लागतं की चेंडू फेकायचा, कुणाकडे फेकायचा, की धावणाऱ्याच्या हाती द्यायचा. म्हणून अंतिम सामन्याचा जमाखर्च बहुधा त्याच्याच नावावर मांडला जातो.

आणि नेमकी हीच जागा कृष्णवर्णीय खेळाडूंना सहसा मिळत नसे. धावायला ते चालत, अडवायला चालत. डोकं चालवायच्या जागी मात्र गोरा माणूस. मार्लिन ब्रिस्को १९६८ मध्ये डेन्व्हरकडून क्वार्टरबॅक म्हणून खेळला, चांगला खेळला, आणि पुढच्या वर्षी बफेलो संघात जाऊन चेंडू झेलणारा झाला. वॉरन मूनने १९७८ मध्ये कॅनडाची वाट धरली आणि तिथल्या संघाबरोबर सलग पाच विजेतेपदं मिळवली. नियम कुठे लिहिलेला नव्हता, त्यामुळे तो रद्द करा असं म्हणायलाही सोय नव्हती.

डग विल्यम्स लुईझियानाचा. ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात एडी रॉबिन्सन यांच्या हाताखाली घडलेला. टॅम्पा बे संघाने १९७८ मध्ये त्याला घेतलं. हा संघ त्याआधी आपले पहिले सव्वीस सामने ओळीने हरला होता. विल्यम्सने त्याला तीनदा बाद फेरीत नेलं. मग पैशांवरून बिनसलं. त्याच सुमारास, १९८३ मध्ये, पत्नी मेंदूच्या गाठीने गेली आणि तान्ही मुलगी पदरात राहिली. दुसऱ्या एका लीगमध्ये तो खेळला, ती लीगही बंद पडली. १९८६ मध्ये वॉशिंग्टनचे प्रशिक्षक जो गिब्ज यांनी त्याला राखीव म्हणून बोलावलं. गिब्ज त्याला टॅम्पापासून ओळखत होते. हा वॉशिंग्टन संघ म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा लीगमधला शेवटचा संघ; तेही १९६२ मध्ये, सरकारने दबाव आणल्यावर.

१९८७ च्या मोसमात विल्यम्सने सुरुवात केलेले दोन्ही सामने वॉशिंग्टन हरलं होतं. तरी बाद फेरीसाठी गिब्ज यांनी त्यालाच निवडलं. मला या साऱ्या कहाणीत हा निर्णय फार मोठा वाटतो, कारण आकडे त्याच्या बाजूने नव्हते.

अंतिम सामन्याआधी पत्रकारांचे प्रश्न पुन्हा पुन्हा त्याच्या रंगाकडे वळत होते. घरी उर्दू बोलणारा माणूस मराठीचं व्याकरण कसं शिकवणार, असं मला एकदा विचारलं गेलं आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण उत्तर देताना माणूस आधीच आरोपी झालेला असतो.

३१ जानेवारी १९८८, सॅन डिएगो. आदल्या दिवशी विल्यम्सचं रूट कॅनॉल झालेलं. समोर डेन्व्हर, आणि त्यांचा क्वार्टरबॅक जॉन एल्वे, त्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडू. डेन्व्हरच्या पहिल्याच चालीत एल्वेने ५६ यार्डांचा पास टाकून टचडाउन मिळवला. पहिला क्वार्टर संपला तेव्हा १०-०. त्यातच विल्यम्सचा पाय घसरला, गुडघा मुरगळला, त्याला बाहेर न्यावं लागलं. तोवर दहा गुणांची पिछाडी भरून काढून कुणी सुपर बोल जिंकला नव्हता.

दुसऱ्या क्वार्टरला तो परत आला. पहिल्याच चालीत बेत छोट्या पासचा होता. पण डेन्व्हरचा बचावपटू अगदी पुढे येऊन रिकी सँडर्सला भिडला. सँडर्स त्याच्या बाजूने निसटून सरळ धावत सुटला आणि विल्यम्सने ते ओळखून चेंडू लांब सोडला. ८० यार्ड, टचडाउन. मग गॅरी क्लार्ककडे २७ यार्डांचा पास. मग नवखा टिमी स्मिथ ५८ यार्ड धावत गेला. आता डेन्व्हरला धावणाऱ्याची धास्ती. विल्यम्सने चेंडू स्मिथला दिल्याचा बहाणा केला आणि सँडर्सकडे ५० यार्डांचा पास टाकला. शेवटी क्लिंट डिडिएरकडे आठ यार्डांचा. अठरा चालींत पाच टचडाउन, पस्तीस गुण. पंधरा मिनिटांच्या एका क्वार्टरमध्ये सामना संपला होता, बाकी खेळ वेळ भरण्यापुरता. शेवटचा आकडा ४२-१०.

सगळं श्रेय त्याचं नाही. समोरच्यांना थोपवून धरणाऱ्या फळीने त्याला उभं राहायला जागा दिली, आणि स्मिथने त्या दिवशी २०४ यार्ड काढले. पण एल्वेकडे पाहिलं की फरक कळतो: ३८ पास, त्यातले १४ पोचले, तीन विरुद्ध संघाच्या हाती गेले. पिछाडी वाढली तसा तो अवघड पास टाकत गेला. विल्यम्सही दहा गुणांनी मागे होता, पण समोर दिसेल तेच तो करत राहिला.

तो सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण क्वार्टरबॅकची कायमची जागा त्याला लाभली नाही. दुखणी मागे लागली, १९८९ हा त्याचा शेवटचा मोसम. त्याच्यानंतर दुसऱ्या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकने सुपर बोल जिंकायला २६ वर्षं लागली. २०१४ मध्ये सिअ‍ॅटलच्या रसेल विल्सनने तो जिंकला, ४३-८. समोर पुन्हा डेन्व्हरच होतं.