पांढरा उंदीर, शुद्ध उंदीर आणि माझी एक चूक

आज मी घरातूनच, म्हणजे कोलकात्यातल्या बालीगंजहून बोलते आहे. मागून ट्रामची घंटा ऐकू आली तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात एका काकांनी मला विचारलं, "तुमच्या प्रयोगशाळेतले उंदीर पांढरेच का असतात हो? स्वच्छ दिसतात म्हणून?" सगळे हसले, मीही हसले. घरी येताना मात्र वाटलं, या प्रश्नाचं नीट उत्तर द्यायचं तर शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास सांगावा लागेल. शिवाय आजवर चारचौघांत न सांगितलेली माझी एक चूकही सांगावी लागेल. चुकीपासूनच सुरुवात करते.

एम.एस्सी. झाल्यावर मी एका प्रयोगशाळेत उमेदवारी करत होते. तिथल्या प्राणिगृहात दोन तऱ्हेचे पांढरे उंदीर होते. एक बाल्ब-सी. हा पिढ्यानपिढ्या सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावून तयार केलेला शुद्ध वाण. दुसरे स्विस. तेही पांढरेशुभ्र, पण ते भावंडांच्या जोड्यांतून वाढवलेले नव्हते, त्यामुळे प्रत्येकाची जनुकं थोडी निराळी. एके दिवशी पिंजरे धुऊन परत मांडताना मी दोन कार्डं उलटसुलट लावली आणि एक स्विस नर बाल्ब-सी माद्यांमध्ये गेला. पिल्लं झाली, पांढरी. त्या पिल्लांना पिल्लं झाली, तीही पांढरी. शंका यावी असं काहीच दिसलं नाही. सहा महिन्यांनी त्या उंदरांत बाल्ब-सीची कर्करोगाची गाठ रोवली, तेव्हा काहींत ती वाढली आणि काहींत विरून गेली. शुद्ध वाणात असं होत नाही. तिथला प्रत्येक उंदीर दुसऱ्याचा जणू जुळा भाऊ असतो, एकाच्या शरीरातली पेशी दुसऱ्याचं शरीर आपलीच मानतं. मग वह्या तपासल्या आणि माझी चूक सापडली. तोवर बावन्न उंदीर मारून झाले होते. त्यांच्यापासून कुणालाच काही कळलं नाही.

आता कल्पना करा, त्या पिंजऱ्यात पांढऱ्याऐवजी काळा नर शिरला असता तर? जगभर वापरला जाणारा काळा वाण म्हणजे सी-५७ ब्लॅक. पांढरी बाल्ब-सी मादी आणि काळा सी-५७ नर यांची पिल्लं पांढरी होत नाहीत, काळी होत नाहीत आणि करडीही होत नाहीत. ती आपल्या स्वयंपाकघरात धान्याच्या डब्यामागे पळणाऱ्या उंदरासारखी भुरी होतात! पहिल्याच वेतात माझी चोरी पकडली गेली असती.

असं का होतं? भुऱ्या उंदराचा केस जवळून पाहिला तर काळा आणि त्यात टोकाजवळ पिवळसर पट्टा, असा दिसतो. हा पट्टा उमटवणारं जनुक वेगळं, काळा रंग देणारं वेगळं, आणि मुळात रंगद्रव्य तयार करणारं आणखी वेगळं. पांढऱ्या उंदरात या शेवटच्या जनुकात बिघाड असतो. टायरोसिनेज नावाचं एन्झाइम नीट बनत नाही. प्रयोगशाळांमधल्या नेहमीच्या पांढऱ्या वाणांत तर हा बिघाड एकाच ठिकाणी आहे. त्या एन्झाइमच्या साखळीत एका जागी सिस्टीनऐवजी सेरीन आलं आणि सगळा रंग गेला. म्हणजे पांढरा हा उंदराचा रंगच नव्हे. रांगोळीचे ठिपके काढून ठेवलेत, पण रंगांचा डबाच रिकामा आहे, असं समजा. बाल्ब-सीजवळ पट्ट्याचं जनुक असतं, ते दिसत नाही इतकंच. काळ्या बापाने रंगाचा डबा भरून दिला की पिल्लात ते उघड होतं. उलट पांढऱ्याला पांढरा मिळाला तर डबा रिकामाच राहतो आणि आत कितीही भेसळ झाली तरी बाहेरून कळत नाही.

आता इतिहासाकडे वळू. या रंगीत उंदरांची सुरुवात प्रयोगशाळेत झालेली नाही. हौशी लोकांनी कबुतरांसारखे पाळलेले ते उंदीर होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावी अ‍ॅबी लॅथ्रॉप नावाच्या एक माजी शिक्षिका असे उंदीर वाढवून विकत. पुढे संशोधकच त्यांचं गिऱ्हाईक झाले. त्या नुसत्या विक्रेत्या नव्हत्या. आपल्या उंदरांना गाठी येतात, काही घराण्यांत जास्त येतात, हे त्यांनी टिपून ठेवलं आणि लिओ लोब या रोगशास्त्रज्ञाबरोबर त्यावर निबंध प्रसिद्ध केले. हार्वर्डमध्ये क्लॅरेन्स लिटल या विद्यार्थ्याने १९०९ मध्ये फिकट तपकिरी उंदरांच्या भावंडांच्या जोड्या लावायला सुरुवात केली. डायल्यूट, ब्राउन आणि नॉन-अगुटी या रंगाच्या तीन खुणांवरून पुढे त्याला डीबीए म्हणू लागले. हा जगातला पहिला अंतःप्रजनित वाण. नावातच रंग आहे, कारण रंग हीच त्याची ओळखपत्रिका! १९२१ मध्ये लिटलने लॅथ्रॉपबाईंच्या साठ्यातल्या ५७ क्रमांकाच्या मादीपासून काळा वाण सुरू केला, तोच सी-५७ ब्लॅक. २००२ मध्ये उंदराचा जनुकसंच पहिल्यांदा वाचून जाहीर झाला तो याच वाणाचा.

सलग वीस पिढ्या भावंडांच्या जोड्या लावल्या की वाण शुद्ध मानतात. उंदराच्या वर्षाला साधारण चार पिढ्या. म्हणजे कमीत कमी पाच वर्षं रोज पिंजरे, कार्डं आणि वह्या. एक कार्ड चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

या कथेचा एक धागा आमच्या कोलकात्यातही येतो. जे. बी. एस. हाल्डेन यांनी तरुणपणी बहीण नेओमी आणि मित्र स्प्रंट यांच्यासह उंदरांवर प्रयोग केले. पांढरेपणाचं जनुक आणि डोळे गुलाबी करणारं जनुक बहुतेक वेळा जोडीने पुढच्या पिढीत जातात, हे त्यांनी दाखवलं. सस्तन प्राण्यांतली जनुकांची अशी साखळी प्रथमच कळली होती. यातही पांढऱ्याने लपंडाव खेळलाच. पांढऱ्या उंदराचे डोळे मुळातच गुलाबी, मग त्याच्यात गुलाबी डोळ्यांचं दुसरं जनुक आहे की नाही हे बघून कळणार कसं? रंगीत उंदराशी जोडी लावून पिल्लांतच ते तपासावं लागतं. हा निबंध १९१५ मध्ये 'जर्नल ऑफ जेनेटिक्स'मध्ये छापून आला, तेव्हा हाल्डेन सैन्यात होते आणि स्प्रंट त्याच वर्षी युद्धात मारले गेले होते. १९५७ मध्ये हाल्डेन कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि ते नियतकालिकही बरोबर घेऊन आले. आज ते बंगळुरूहून निघतं. आमच्या बालीगंजच्या विज्ञान महाविद्यालयाच्या, म्हणजे तारकनाथ पालित यांच्या नावाच्या आवारावरून जाताना मला याची हटकून आठवण येते. प्राणिशास्त्र विभाग तिथेच आहे.

आणि आपल्या मराठी मुलखात? पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या कमल समर्थ, म्हणजे पुढच्या डॉ. कमल रणदिवे. त्यांनी एम.एस्सी.ला अभ्यास केला तो सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा! मग त्या मुंबईला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली आल्या आणि सीताफळाऐवजी उंदीर हाती आले. स्तनाच्या कर्करोगाची प्रवृत्ती कमी-जास्त असलेल्या उंदरांच्या चार वाणांची त्यांनी तुलना केली. १९४९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

हा प्रश्न शुद्ध वाणांशिवाय विचारताच आला नसता. १९३६ मध्ये अमेरिकेत जॉन बिटनर यांनी गाठींची प्रवृत्ती असलेल्या वाणाची पिल्लं जन्मताच दुसऱ्या वाणाच्या आईच्या दुधावर वाढवली, आणि त्यांच्यात गाठी कमी झाल्या. रोग नुसत्या जनुकांतून नव्हे, दुधातूनही येत होता. त्यात एक विषाणू होता, हे पुढे कळलं. अशा प्रयोगात दोन वाण निराळ्या रंगांचे असले की दाईचं पिल्लू कुठलं आणि पाहुणं कुठलं, हे आठवडाभरात अंगावरच उमटतं. रणदिवेबाईंनी हेच धागे पुढे नेले. जनुकं, संप्रेरकं आणि विषाणू मिळून गाठ कशी घडते, यावर त्यांनी काम केलं. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उंदराचा नवा वाण तयार झाला. त्याला संस्थेचंच नाव मिळालं, आयसीआरसी. त्यामागे किती पिढ्यांच्या जोड्या आणि किती वह्या असतील, याचा हिशेब आता तुम्हीच करू शकता.

एवढी मेहनत किती नाजूक असते, हेही सांगते. ऑक्टोबर १९४७ मध्ये लिटल यांनी बार हार्बरला स्थापन केलेली जॅक्सन प्रयोगशाळा वणव्यात जळाली. सुमारे नव्वद हजार उंदीर गेले. तरी वाण बुडाले नाहीत, कारण पूर्वी त्यांच्याकडून उंदीर नेलेल्या संशोधकांनी त्यांचे वंशज परत पाठवले. आपल्याकडे शेजारणीकडून विरजण परत आणतात, तसंच.

तर काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं. सगळे उंदीर पांढरे नसतात. आणि जे असतात ते स्वच्छ दिसले तरी आतून शुद्ध आहेत की नाही, हे रंग सांगत नाही. ते सांगते पिंजऱ्यावरचं कार्ड आणि ते लावणारा माणूस. प्राणिगृहात उंदीर सांभाळणाऱ्यांची नावं निबंधावर क्वचितच येतात, पण निबंध उभा राहतो त्यांच्या वहीवर. त्या प्रसंगानंतर प्रत्येक कार्ड मी दोनदा वाचते, आणि दुसऱ्यांदा मोठ्याने.

तुमच्या घरात कुणी प्राणिगृहात काम केलं असेल तर त्यांच्या आठवणी मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.