केडगाव दुहेरी हत्याकांड

केडगाव दुहेरी हत्याकांड ही ७ एप्रिल २०१८ रोजी अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) शहराच्या केडगाव उपनगरात घडलेली घटना होय. तीत शिवसेनेच्या दोन स्थानिक कार्यकर्त्यांची हत्या झाली.

घटना
पुणे रस्त्यावरील केडगाव महापालिका हद्दीत येते. तेथील एका जागेच्या पोटनिवडणुकीचा निकाल ७ एप्रिल रोजी लागून काँग्रेसचा उमेदवार विजयी झाला. त्याच सायंकाळी हल्लेखोरांनी गोळ्या झाडून व धारदार शस्त्रांनी वार करून दोघांना ठार केले.

पडसाद
संतप्त शिवसैनिकांनी दगडफेक केली. राष्ट्रवादी काँग्रेसच्या आमदारास पोलिसांनी चौकशीसाठी नेल्यावर त्यांच्या समर्थकांनी पोलीस अधीक्षक कार्यालयाची तोडफोड केली. तपास पुढे राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे गेला. शिवसेना पक्षप्रमुख उद्धव ठाकरे यांनी मृतांच्या कुटुंबीयांची भेट घेतली. शिवसेना राज्याच्या सत्तेत भागीदार होती. मात्र गृहखाते मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडे होते.

महापालिका निवडणूक
डिसेंबर २०१८ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ६८ पैकी २४ जागा जिंकून शिवसेना सर्वांत मोठा पक्ष ठरली. राष्ट्रवादीला १८, भाजपला १४ व काँग्रेसला ५ जागा मिळाल्या. तथापि २८ डिसेंबर रोजी राष्ट्रवादीच्या नगरसेवकांच्या पाठिंब्यावर भाजपचे बाबासाहेब वाकळे महापौर झाले व शिवसेना सत्तेबाहेर राहिली. पक्षादेश डावलल्याबद्दल राष्ट्रवादीने जानेवारी २०१९ मध्ये आपल्या १८ नगरसेवकांना पक्षातून काढले.