फ्लोरिडा कीजचे हवामान

फ्लोरिडा कीज हा अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकापासून नैर्ऋत्येकडे कमानीसारखा पसरलेला, प्राचीन प्रवाळखडक व चुनखडक यांपासून बनलेला बेटांचा समूह आहे. मायामीच्या दक्षिणेपासून की वेस्ट शहरापर्यंत रस्त्याने जोडलेली ही माळ सुमारे १८० किमी लांबीची आहे. तिच्याही पश्चिमेस सुमारे ११० किमीवर ड्राय टॉर्टुगाज ही निर्जल बेटे आहेत. नावातील 'की' हा शब्द लहान बेट या अर्थाच्या 'कायो' या स्पॅनिश शब्दावरून आला असून किल्लीशी त्याचा संबंध नाही. येथील हवामान वर्षभर उबदार व बहुतांश काळ सुखद असते. मात्र बेटांची बहुतेक भूमी समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंच आहे. सर्वोच्च नैसर्गिक स्थळही सुमारे ५.५ मीटरच उंच असून मुख्य भूमीकडे जाणारा महामार्ग जवळजवळ सर्वत्र एकच आहे. त्यामुळे हवामानाचा अंदाज किती आधी मिळतो, यावर येथील लोकांचे जीवित अवलंबून असते.

ऋतुमान

की वेस्ट शहर कर्कवृत्ताच्या सुमारे सव्वाशे किमी उत्तरेस आहे. तांत्रिक दृष्ट्या ते उष्ण कटिबंधाबाहेर असले, तरी तेथील हवामान उष्णकटिबंधीय सॅव्हाना प्रकारात मोडते. वार्षिक सरासरी तापमान सुमारे २६° से. असून जानेवारीची सरासरी २१° से.च्या आसपास, तर ऑगस्टची ३०° से.च्या जवळ असते. चहूबाजूंचे पाणी व दक्षिणेकडून वाहणारा उष्ण आखाती प्रवाह यांमुळे कडक उन्हाळा व कडक हिवाळा दोन्ही टळतात. की वेस्टचे नीचांकी तापमान ५° से. असून ते १८८६ व १९८१ या दोन वर्षांच्या जानेवारीत नोंदले गेले. उच्चांकही ३६° से.च्या पुढे गेलेला नाही. भारतीय वाचकास हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु उन्हाळ्यात रात्रीही तापमान फारसे उतरत नाही आणि दमटपणा कायम राहतो, हा तेथील खरा त्रास होय.

हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या शीत आघाड्यांमुळे दोन-तीन दिवस गार वारे वाहतात. जानेवारी २०१० मधील अशा दीर्घ थंडीत उथळ पाण्यातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मृत झाले.

पाऊस व जलस्तंभ

नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा आणि मे ते ऑक्टोबर हा पावसाचा काळ असतो. की वेस्ट येथे वर्षाला सुमारे १,००० मिमी पाऊस पडतो, तर अवघ्या दोनशे-अडीचशे किमीवरील मायामीत सुमारे १,७०० मिमी. याचे कारण भूमीच्या विस्तारात आहे. मुख्य भूमी दुपारी तापते, समुद्रावरील वारे आत शिरतात आणि गडगडाटी ढग उभे राहतात. कीजमधील बेटे इतकी अरुंद आहेत की असे ढग तेथे क्वचितच पुरते वाढतात. वारा मंद असेल तेव्हा मात्र बेटांच्या रांगेला समांतर अशी ढगांची ओळ तयार होते आणि तिच्याखाली जलस्तंभ लोंबू लागतात. जलस्तंभांच्या वारंवारतेबाबत हा प्रदेश जगात अग्रगण्य मानला जातो. जोसेफ गोल्डन या अमेरिकी हवामानशास्त्रज्ञाने त्यांचा येथे विमानातून अभ्यास करून त्यांच्या जीवनक्रमाच्या अवस्था वर्णिल्या. बहुतेक जलस्तंभ अल्पायुषी असतात. लहान होड्यांना मात्र त्यांपासून धोका असतो.

१९३५चे चक्रीवादळ

अटलांटिक चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा मानला जातो. कीजच्या इतिहासातील सर्वांत भीषण वादळ २ सप्टेंबर १९३५ रोजी, श्रमिक दिनाच्या सुट्टीच्या रात्री, आयलामोराडा परिसरावर आदळले. केंद्रातील वायुदाब ८९२ मिलिबारपर्यंत उतरला होता. अमेरिकेच्या भूमीवर आलेल्या कोणत्याही चक्रीवादळात याहून कमी दाब नोंदलेला नाही. त्यासोबत आलेले समुद्राचे उधाण ५ मीटरहून उंच होते.

या आपत्तीचे मूळ अंदाजातही होते. उपग्रह, रडार यांपैकी काहीच त्या काळी उपलब्ध नव्हते. जहाजांकडून येणाऱ्या तुरळक नोंदींवरून वादळाचे स्थान ठरवावे लागे. वादळ क्यूबा व कीज यांमधील सामुद्रधुनीतून पश्चिमेकडे निघून जाईल, असा वेधशाळेचा समज होता. प्रत्यक्षात ते उत्तरेकडे वळले आणि दोन दिवसांच्या आत त्याची तीव्रता प्रचंड वाढली. त्या वेळी पहिल्या महायुद्धातील शेकडो माजी सैनिक महामार्गाच्या कामासाठी तंबू व कच्च्या निवाऱ्यांच्या छावण्यांत राहत होते. त्यांना हलविण्यासाठी मायामीहून रेल्वेगाडी निघाली ती दुपार उलटल्यावर, आणि आयलामोराडास पोहोचली रात्री आठनंतर. तोवर उधाण आले होते. इंजिन तेवढे रुळांवर उभे राहिले. डबे लाटेने फेकून दिले. मृतांची संख्या ४०० हून अधिक होती व त्यांत निम्म्याहून अधिक माजी सैनिक होते. की वेस्ट येथे राहणारे कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे मदतकार्यासाठी तेथे गेले आणि त्यांनी न्यू मासेस या नियतकालिकात सरकारी यंत्रणेवर जळजळीत टीका करणारा लेख लिहिला. गाडी आणखी काही तास आधी बोलावली असती तर, हा प्रश्न चौकशांनंतरही मिटला नाही. रेल्वेमार्ग पुन्हा बांधला गेला नाही. त्याच्याच पुलांवरून १९३८ मध्ये ओव्हरसीज महामार्ग खुला झाला. आयलामोराडा येथील स्मारकात मृतांपैकी अनेकांच्या अस्थी ठेवल्या आहेत.

अंदाज व स्थलांतर

मायामीतील राष्ट्रीय हरिकेन केंद्र वादळाच्या संभाव्य मार्गाचा पाच दिवसांचा अंदाज शंकूच्या आकृतीने दर्शविते. या आकृतीबाबत सार्वत्रिक गैरसमज आढळतो. शंकू हा वादळाच्या केंद्राच्या संभाव्य स्थानांचा असतो, धोक्याच्या क्षेत्राचा नव्हे. आणि केंद्रही सुमारे तीनपैकी दोन वेळाच त्याच्या आत राहते. स्थानिक इशारे की वेस्ट येथील राष्ट्रीय हवामान सेवेचे कार्यालय देते.

एकाच महामार्गामुळे स्थलांतर टप्प्याटप्प्याने करावे लागते : प्रथम पर्यटक व फिरत्या घरांतील रहिवासी, नंतर कायमचे रहिवासी. लोकवस्ती इतकी वाढू नये की रहिवाशांना बाहेर पडण्यास ठरावीक कालमर्यादेहून अधिक वेळ लागेल, असे बंधन राज्याच्या कायद्याने घातले. ही मर्यादा दीर्घकाळ २४ तासांची होती. घरबांधणीचे परवाने हवामानाच्या अंदाजाशी असे जोडले गेल्याचे उदाहरण विरळाच.

अंदाज अचूक असूनही तो मानला जातोच असे नाही. २००५ च्या हंगामात वारंवार स्थलांतराचे आदेश निघाल्याने कंटाळलेले बहुसंख्य रहिवासी ऑक्टोबरमधील विल्मा वादळाच्या वेळी घरीच थांबले. वादळ पुढे सरकल्यावर वारा वायव्येकडून वाहू लागला आणि धोका टळला असे वाटत असतानाच मेक्सिकोच्या आखाताचे पाणी मागच्या बाजूने की वेस्टमध्ये शिरले. १० सप्टेंबर २०१७ रोजी कजो की येथे आलेल्या चौथ्या श्रेणीच्या अर्मा वादळापूर्वी मात्र मोठे स्थलांतर झाले.

समुद्राचे तापमान व पातळी

२४ जुलै २०२३ रोजी मॅनटी उपसागरातील तरंगत्या उपकरणाने पाण्याचे तापमान ३८.४° से. नोंदविले. ही जागा उथळ, गढूळ व बंदिस्त असल्याने या आकड्याची खुल्या समुद्राशी तुलना करणे योग्य नाही. परंतु त्याच उन्हाळ्यात बाहेरच्या प्रवाळभित्तीवरील प्रवाळही मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले व मेले, हे निर्विवाद आहे.

की वेस्टचे भरतीमापक १९१३ पासून कार्यरत असून तेव्हापासून समुद्रपातळी सुमारे पाव मीटर वाढली आहे. शरद ऋतूतील मोठ्या भरतींचे पाणी आता कोणतेही वादळ नसताना रस्त्यांवर येते. २०१९ मध्ये की लार्गोतील काही वस्त्यांचे रस्ते जवळजवळ तीन महिने खाऱ्या पाण्याखाली होते. सच्छिद्र चुनखडकातून पाणी जमिनीखालूनही वर येत असल्याने केवळ तटबंदी बांधून ते रोखता येत नाही. म्हणून सखल रस्ते उंच करण्याच्या योजना काउंटी प्रशासनाने आखल्या आहेत.