खामगावची रुई आणि समुद्र नसलेला देश

स्वित्झर्लंडला समुद्रकिनारा नाही आणि आशिया-आफ्रिकेत त्याची एकही वसाहत कधी नव्हती. तरीही या डोंगराळ देशाच्या कापूस-व्यापाराच्या इतिहासात वऱ्हाडातल्या खामगावचे नाव येते.

अठराव्या शतकात झुरिक आणि ग्लारुसच्या खेड्यांत घरोघरी सूत कातले जाई. यंत्रे आली आणि हा घरधंदा बुडाला. पुढे यंत्रमागांची पाळी आली, तेव्हा १८३२ साली उस्टर गावात संतापलेल्या विणकरांनी कारखानाच पेटवून दिला. गिरण्या तरीही वाढत गेल्या. देशात मात्र कापसाचे एक बोंडही पिकत नसे. तो बाहेरून आणावा लागे. १८५१ मध्ये सालोमन व योहान गेओर्ग या व्होल्कार्ट बंधूंनी विंटरथूर आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी एकदमच पेढी उघडली.

खामगावचा बाजार १८२०च्या सुमाराचा. आरंभी तूप, सूत आणि थोडाफार कापूस एवढाच माल. त्या काळी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून थेट गंगाकाठच्या मिर्झापूरला जाई. वाटेत धूळ आणि पाऊस यांनी त्याची रया जाई. १८५३च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांची नजर इकडे वळली. १८७० साली जलंब-खामगाव हा आखूड लोहमार्ग गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. त्याच्या आदल्याच वर्षी सुएझ कालवा खुला होऊन युरोपची सागरी वाट जवळ आली होती.

लोहमार्गाची ही तयारी इंग्रजांनी लँकेशायरमधल्या मँचेस्टरसाठी केली. पण वऱ्हाडी कापसाचा धागा आखूड, आणि लँकेशायरच्या यंत्रांची सवय अमेरिकेच्या लांब धाग्याची. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या गिरण्यांना मात्र आखूड धागा चाले. व्होल्कार्टांनी नेमकी हीच जागा हेरली आणि खामगावात खरेदीची पेढी व प्रेस चालवला. दिवाळीनंतर वेचणीचा माल गाड्यांनी येई, जिनात सरकी वेगळी होई आणि रुई दाबून लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या गाठी बांधल्या जात. हिंदुस्थानी गाठीचे प्रमाण वजन पुढे ३९२ पौंड ठरले. असा माल मुंबईहून जहाजाने युरोपच्या बंदरांत उतरे.

राज्यकारभार आणि लष्कर इंग्रजांचे, नफ्यातला वाटा मात्र स्विसांचाही. तटस्थ देशाची ही बाजू शाळेच्या पुस्तकांत क्वचितच येते.

पेढीची जुनी कागदपत्रे आज विंटरथूरच्या नगर-अभिलेखागारात आहेत. १९५४ मध्ये तिने टाटांशी भागीदारी करून जी कंपनी काढली, तिच्या नावातला ‘व्होल’ व्होल्कार्टांचा आणि ‘टास’ टाटा सन्सचा : व्होल्टास.