फिनलंडांतील विवाहनोंदी व घराण्यांचा शोध

फिनलंड स्वीडनच्या अमलाखालीं असतां १६८६ च्या धर्मविधानानें तेथील लूथरपंथी पाळकांस विवाहांची वही ठेवणें भाग पाडलें. नांव सांपडलें कीं घराणें सांपडलें, असें मात्र नव्हे. पश्चिम फिनलंडांत शेतवाडीचें नांव तेंच माणसाचें. घरजांवई सासऱ्याच्या वाडीचें नांव लावी! त्यापेक्षां ‘योहानची कन्या’ ही पित्यावरून दिलेली ओळख अधिक टिकाऊ. पण योहान तर गांवोगांव! म्हणून नोंदींतील गांव व वाडी पाहून कम्युनियनची वही उघडावी. तेथें सारें कुटुंब जन्मतिथींसह एकत्र भेटतें. दूरच्या धर्मग्रामांत दिलेली मुलगी माहेरच्या वहींतून नाहींशी होते. ती कोणत्या घरीं गेली, हें बहुधा विवाहाची नोंदच सांगते.