बटाटा उपवासाला कसा चालू लागला?

आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी आमच्या वर्गात एक भांडण झाले. कारण होते कोथिंबीर. 'आमच्याकडे उपवासाच्या बटाट्याच्या भाजीत कोथिंबीर चालते,' असे एक मुलगी म्हणाली. 'मग तुमचा उपवास खरा नाहीच,' असे दुसरीने सुनावले. पहिलीच्या डोळ्यांत पाणी आले. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, 'तुकाराम महाराजांच्या घरी कोथिंबीर घालत होते का?' आम्ही उत्तर द्यायला तोंड उघडले आणि लक्षात आले, की कोथिंबिरीचे राहू द्या, त्यांच्या घरी तो बटाटा तरी होता का?

पिंपरी-चिंचवडमधल्या शाळेत असा प्रश्न निघणे साहजिक आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६० नंतर औद्योगिक वसाहत वाढली आणि मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण, शिवाय उत्तर व दक्षिण भारतातूनही कुटुंबे येथे येऊन राहिली. प्रत्येकाने आपापला उपवास बरोबर आणला. एकाची वरई ती दुसऱ्याची भगर. उत्तरेकडच्या मुलाच्या डब्यात नवरात्रात कुट्टूच्या पिठाच्या पुऱ्या असतात. एकाकडे जिरे चालते, दुसऱ्याकडे चालत नाही. एकाच बाकावर चार डबे उघडले, की 'खरा उपवास कोणता' हा वाद ठरलेला! धर्मशास्त्राचा निर्णय देणे हे आपले काम नाही. पण ताटातला प्रत्येक पदार्थ कुठून आणि कधी आला, हे मात्र आपण मुलांबरोबर शोधू शकतो.

ताटातले पाहुणे

साबुदाण्याची खिचडी घेऊ. तिच्यात साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, मिरची, तूप आणि मीठ असते. यांतला बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तेथे सुमारे सात-आठ हजार वर्षांपूर्वी तो माणसाळवला गेला. भुईमूगही दक्षिण अमेरिकेचा. मिरची मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातली. ज्या कंदापासून आपला साबुदाणा बनतो तो टॅपिओका, म्हणजे कसावा, पुन्हा दक्षिण अमेरिकेचाच. उपवासाचे रताळे अमेरिकेचे आणि राजगिऱ्याचे दाणेदार वाणही तिकडचेच; मेक्सिकोतले अॅझ्टेक लोक राजगिरा पिकवीत. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेला पोचला. त्याआधी यांतले काहीही आपल्या स्वयंपाकघरात असण्याचा संभव फार कमी. खिचडीतून हे पाहुणे उठवले, तर उरते तूप आणि मीठ!

बटाट्याचे नावही प्रवासी आहे. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत. पोर्तुगिजांनी तो शब्द उचलला आणि त्यांच्याकडून तो आपल्याकडे आला. उत्तरेत मात्र या नव्या कंदाला जुन्या संस्कृत 'आलुक' या कंदवाचक शब्दावरून 'आलू' म्हटले गेले. एकीकडे वस्तूबरोबर नाव आले, दुसरीकडे जुने नाव नव्या वस्तूला मिळाले. सतराव्या शतकातले युरोपीय प्रवासी भारतात बटाटा पाहिल्याचे लिहितात, पण तो बटाटा की रताळे याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. बटाट्याची खरी लागवड वाढली ती इंग्रजांच्या काळात, अठराव्या शतकाच्या अखेरीपासून. तुकाराम महाराजांचे निधन १६५० साली झाले. तेव्हा देहूच्या घरात एकादशीला बटाट्याची भाजी शिजली नसावी असे म्हणायला हरकत नाही. वरई, शिंगाडा, सुरण, केळी, दूध आणि तिखटाला मिरे असे जुने जिन्नस मात्र तेव्हाही या देशात होते.

चाकणचा बटाटा

मोटारींच्या कारखान्यांमुळे चाकण जगाला माहीत झाले ते अलीकडे. त्याच्या कितीतरी आधीपासून चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. खेड, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांत बटाटा पावसाळ्यातही पिकतो. ही विशेष गोष्ट आहे, कारण भारतात बहुतेक ठिकाणी बटाटा हे हिवाळी पीक आहे. जमिनीखाली कंद पोसायला रात्री थंड लागतात. रात्रीचे तापमान विशीच्या फार वर गेले, की झाड पाला वाढवते आणि कंद धरायला कुचराई करते. आंबेगावातल्या सातगाव पठारासारख्या उंच भागात पावसाळी हवा पुरेशी गार असते. म्हणून जून-जुलैत लावलेला बटाटा तेथे साधारण नवरात्राच्या सुमारास निघतो. उपवासाचे दिवस आणि नवा बटाटा असा हा जुळून आलेला योग आहे. आषाढीचा बटाटा मात्र बहुधा शीतगृहातला किंवा परप्रांतातून आलेला असतो.

या भागातल्या बटाट्याचे बियाणे एके काळी इटलीहून बोटीने येत असे. त्या बियाण्याबरोबर १९०६ साली एक नको असलेला पाहुणाही आला, तो म्हणजे बटाट्यावरचा पतंग. याची मादी बटाट्याच्या डोळ्यांजवळ अंडी घालते आणि अळी आत शिरून कंद पोखरते. शेतात त्रास होतोच, पण खरा घात साठवणीत होतो. ढीग वरून चांगला दिसतो आणि आतून कुजतो. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातल्या बटाट्याच्या लागवडीचा अभ्यास केला आणि १९२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. आपल्या फराळाच्या एका वाटीमागे शेतकऱ्याचे असे नुकसान आणि शास्त्रज्ञांचे असे काम आहे, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

साबुदाण्याची अदलाबदल

साबुदाण्याची गोष्ट आणखी गमतीची. मूळचा साबुदाणा आग्नेय आशियातल्या सागो नावाच्या ताडाच्या खोडातल्या गाभ्यापासून बनतो. 'सागो' हा शब्दही मलाय भाषेतला. कसावा पोर्तुगिजांमुळे केरळात आला. एकोणिसाव्या शतकात त्रावणकोरचे राजे विशाखम तिरुनाळ यांनी गरिबांचे अन्न म्हणून त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धात मलाया आणि जावा जपानच्या ताब्यात गेले, तिकडून येणारा माल थांबला आणि तामिळनाडूत सेलमच्या परिसरात कसाव्याच्या पिठापासून साबुदाणा बनवण्याचा धंदा उभा राहिला. दाणा तसाच पांढरा आणि गोल राहिला, पण झाड बदलले. घराघरांतल्या उपवासाला त्याचा पत्ताही लागला नाही.

नियम कसा चालतो?

मग हे सगळे परके पदार्थ उपवासाला चालले कसे? परके म्हणून चालले म्हणावे, तर मकाही अमेरिकेचाच आणि तो आपल्याकडे उपवासाला चालत नाही. आम्हाला असे वाटते, की नियम पदार्थांच्या नावांचा नव्हता, गटांचा होता. धान्य नको, कंद, मुळे, फळे, दूध चालेल. नवा पदार्थ आला, की लोक त्याचे जुन्या कशाशी साम्य आहे ते पाहत. बटाटा जमिनीखाली येतो, म्हणून तो सुरणाच्या पंगतीत बसला. मक्याचे कणीस दिसले, म्हणून तो ज्वारीच्या रांगेत गेला. मिरची मिऱ्याच्या जागी आली, नावसुद्धा त्याच्यावरूनच घेऊन!

वनस्पतिशास्त्राचे गट मात्र वेगळे आहेत. त्याला विचारले, तर वरई भातासारखीच गवताच्या कुळातली. भुईमूग तर मूग-मटकीच्या कुळातला, हे त्याच्या नावातच आहे. तरी मूग चालत नाही आणि भुईमूग चालतो. यात लोकांचे चुकले असे नाही. वर्गीकरण कशासाठी करायचे यावर त्याचे निकष ठरतात. शास्त्रज्ञ फुलाची रचना पाहतो, घरची आजी दाणा कुठे धरतो आणि कसा शिजतो ते पाहते. वर्गीकरणाचा पाठ शिकवायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

एक गोष्ट मात्र आजीच्या हाताला पक्की ठाऊक होती. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. प्रथिने शंभरात एक भागही नाहीत. शेंगदाण्यात ती शंभरात पंचवीसच्या आसपास असतात. भिजलेला साबुदाणा तापला, की स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि दाणे एकमेकांना चिकटतात. दाण्याचे कूट ओल टिपून घेते आणि त्यातले तेल दाणे सुटे ठेवते. खिचडी मोकळी होते आणि पोषणही थोडे सुधारते. पहिल्या पाळीला जाणाऱ्या कामगाराच्या डब्यात म्हणूनच कूट सढळ हाताने पडावे.

वर्गात करून पाहा

बटाटा, भिजवलेला साबुदाणा, भिजवलेली वरई, कच्चे केळे आणि शेंगदाण्याचे कूट यांच्यावर टिंक्चर आयोडीनचा एकेक थेंब टाकावा. स्टार्च असेल तेथे निळा-काळा रंग येतो. कुठे गडद, कुठे फिका, याची नोंद मुलांनी करावी. तपासलेले पदार्थ अर्थातच खायचे नाहीत. नंतर प्रत्येकाने घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीला विचारावे, 'तुमच्या लहानपणी उपवासाला काय चालायचे आणि आता काय चालते?'

आम्ही हे करून पाहिले. एका मुलाच्या आजीने सांगितले, की तिच्या माहेरी लहानपणी एकादशीला रताळी असत, साबुदाणा क्वचितच. कोथिंबिरीवरून भांडलेल्या मुलींनी दोघींच्या याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या. आठ पदार्थ सारखे निघाले, तीन वेगळे. कोणाचा उपवास खरा, हे पुन्हा कोणी विचारले नाही. एकीने मात्र विचारले, 'बाई, मग टोमॅटो कधी चालायला लागेल?' त्याचे उत्तर तिच्या नातवंडांना विचारावे लागेल.